घरात म्हातारं कुत्रं असताना दुसरं आणताय? आधी क्रम लावा

"पिल्लू आणलं, ओसरीत सोडलं, म्हातारा उठला आणि एका झटक्यात त्याचा कान धरला. आता काय करू?" दर हिवाळ्यात मला असे पाच-सहा फोन येतात. समोरच्याला वाटत असतं की भांडण पिल्लू आल्यावर सुरू झालं. पण चूक दहा दिवस आधीच झालेली असते. तयारी केलेली नसते, आणि जे शेवटी करायचं ते पहिल्या तासात उरकलेलं असतं.

मी डॉक्टर नाही. परभणीत राहते, गेली वीसेक वर्षं घरात कुत्री आहेत, आणि ही चूक मीही करून बसले आहे. आमचा खंड्या तेव्हा १२ वर्षांचा होता. गावठीच, मागचा डावा पाय आखडलेला, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. जिनिंगच्या आवारातून भुरीला उचलून आणलं आणि थेट त्याच्या नाकासमोर ठेवलं, तेही तो भाकरी खात असताना आणि त्याला दिसत नव्हतं त्या बाजूने. तिच्या कानाला खाच पडली. ती अजून आहे. मग भुरीला वेगळं ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून क्रमाने केलं.

तेव्हापासून एकच नियम धरला आहे: नवं कुत्रं आलं म्हणून म्हाताऱ्याचं काहीही हलता कामा नये. त्याची जागा, त्याचं वाडगं, त्याची फिरायची वेळ जशीच्या तशी राहायला हवी. जे काही बदलायचं ते नव्याने.

टप्पा १ : आणायचं का, आणि कोणतं?

मोठ्या चणीचं कुत्रं सातव्या-आठव्या वर्षी म्हातारपणाकडे झुकतं, लहान चणीचं दहाच्या आसपास. पण वयापेक्षा तब्येत बघा. नुकतीच दृष्टी गेलेली, रात्री उठून भिंतीकडे बघत उभं राहणारं किंवा नेहमीच्या खोलीत वाट चुकणारं, दुखण्याने हात लावू न देणारं कुत्रं घरात असेल, तर सध्या थांबा. "त्याला सोबत होईल" हा आपला विचार. दुखऱ्या कुत्र्याला सोबतीपेक्षा झोप हवी असते.

निवड करताना:

- म्हातारा नर असेल तर मादी, मादी असेल तर नर. दोन माद्यांचं बिनसलं की ते मिटायला फार वेळ लागतो. नर-मादी ठेवणार असाल तर नसबंदीचं आधीच ठरवा. मादी सहा महिन्यांपासून वर्षभरात कधीही माजावर येते, आणि तेव्हा म्हाताऱ्यालाही पाय दुखत असल्याचं आठवत नाही.
- पिल्लूच हवं असा हट्ट नको. दोन-तीन वर्षांचं शांत, माणसाळलेलं कुत्रं म्हाताऱ्याला पिल्लापेक्षा सोपं जातं. पिल्लू दिवसभर अंगावर चढतं.
- पिल्लू घेतलंच तर ८ आठवडे पूर्ण झालेलं घ्या. त्याआधी आईपासून तोडलेलं पिल्लू कुठवर चावायचं हे भावंडांकडून शिकलेलं नसतं. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या सरकारी नियमांनीही मनाई आहे.
- दोन पिल्लं एकदम आणू नका. ती एकमेकांत रमतात हे खरं, पण म्हाताऱ्यावर जोडीने तुटून पडतात.

आपल्या लातूर-उदगीर पट्ट्यात कारवान आणि पश्मी ही वेगाने पळणारी शिकारी कुत्री बऱ्याच घरांत आहेत. म्हातारं कुत्रं त्या जातीचं असेल तर पळणारी लहान वस्तू दिसताच ते झेपावणार. वय झालं तरी ती ओढ जात नाही. अशा घरात पुढचे सगळे टप्पे दुप्पट दिवस चालवा.

> थांबा : गेल्या वर्षभरात या घरात एखादं पिल्लू रक्ताची हगवण लागून गेलंय का? तो बहुधा पार्वो. त्याचा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन् महिने टिकतो. अशा घरात लसी पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नका, मोठं लसवलेलं कुत्रं आणा. फरशी ब्लीचने धुता येते (१ भाग ब्लीच, ३० भाग पाणी), मातीचं अंगण धुता येत नाही.

टप्पा २ : आधी म्हाताऱ्याला दवाखान्यात न्या

लोक नव्याला दवाखान्यात नेतात, म्हाताऱ्याला नेत नाहीत. "आता कसली लस, म्हातारं झालं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. नवं पिल्लू रोग घेऊन आलं तर पहिला फटका यालाच बसणार.

काय करून घ्यायचं: रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्वो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांची लस चालू आहे का ते बघणं, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, दात, सांधे, आणि जमल्यास मूत्रपिंडासाठी रक्ताची तपासणी. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि तिथे दवाखाना चालतो. गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गुरंढोरं येतात, तिथे कुत्र्याची लस नेहमी असेलच असं नाही. आधी विचारून जा. बाहेरून लस आणायला सांगितली तर थर्मासमध्ये बर्फ घालून आणा. लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी. एप्रिलच्या दुपारी डिकीत पडलेली लस टोचून उपयोग नाही.

सांध्यांच्या दुखण्यावर औषध सुरू करायचं असेल तर ते आत्ता, नवं येण्याच्या पंधरा दिवस आधी. दुखणं उतरलेलं कुत्रं पिल्लाला बरंच सहन करतं. खंड्याचं हेच झालं. गोळ्या सुरू झाल्यावर दहाव्या दिवशी तो आपणहून ओट्याची पायरी उतरला, आणि मला कळलं की त्याचा "तापट स्वभाव" निम्मा पायात होता.

> कधीच नको : घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या. पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपैकी काहीही अंदाजाने देऊ नका, म्हाताऱ्या कुत्र्याचं पोट, यकृत, मूत्रपिंड यांतलं काहीतरी जातं. गुरांसाठी आणलेलं गोचिडांचं औषध पिल्लाला "थोडंसंच" लावणं हाही तसलाच प्रकार.

टप्पा ३ : घराची मांडणी

नवं येण्याच्या किमान आठवडाभर आधी आडोसा उभा करा. म्हाताऱ्याला त्या आडोशाची सवय आधी व्हायला हवी. नाहीतर "हा आला आणि माझी वाट बंद झाली" असा हिशोब तो मांडतो.

आडोसा साधाच चालतो. दारात आडवी फळी, उभी केलेली बाज, शेतातल्या आखाड्यावर तुराट्यांचा कूड. फक्त खालून बोट शिरेल एवढीही फट ठेवू नका, पिल्लाचं डोकं जिथे जातं तिथे पिल्लू जातं. फळी पिल्लाला ओलांडता येऊ नये आणि म्हाताऱ्याला वरून डोकावता यावं, इतपत उंच.

सगळं दोन-दोन: पाण्याची भांडी, जेवणाची वाडगी, निजायची गोणपाटं. टँकरच्या दिवसांत लोक पाण्याचं एकच भांडं ठेवतात. तिथे काटकसर नको, एका घमेल्यातलं पाणी दोन वाडग्यांत ओता. म्हाताऱ्याचं वाडगं रोजच्याच जागी राहील. आणि त्याला एक अशी जागा हवी जिथे पिल्लू जाऊच शकत नाही. ढाळजेतला ओटा, आतली खोली, काहीही. मात्र तिथे चढायला त्याला उडी मारावी लागू नये. एक वीट किंवा उतरती फळी टेकवा.

टप्पा ४ : वेळ कोणती

दिवाळीचे फटाके संपल्यापासून होळीपर्यंतचा काळ बरा. मार्चनंतर आपल्याकडचं ऊन म्हाताऱ्या कुत्र्याला आधीच बेजार करतं. चाळीस-बेचाळीस अंशांत त्याला धापा टाकण्यापलीकडे काही सुचत नाही, तिथे नव्या पाहुण्याचं कौतुक कुठून येणार? थंडीत सांधे आखडतात हे खरं, पण त्यावर गोधडी आहे. उन्हावर काही नाही.

घरात लग्न, पाहुणे, बांधकाम असेल त्या आठवड्यात नाही. पहिले चार दिवस कोणीतरी मोठं माणूस घरी असलंच पाहिजे.

टप्पा ५ : चौदा दिवस वेगळं, आणि वासाची अदलाबदल

नवं कुत्रं दिसायला कितीही टुणटुणीत असलं तरी १४ दिवस वेगळं ठेवा. पार्वो, डिस्टेंपर अंगात असले तरी पहिले काही दिवस काहीच दिसत नाही. शेजारचं घर, माडीवरची खोली, आखाड्यावरची खोली, जी सोय असेल ती. त्याला हाताळलं की साबणाने हात धुवा, चपला बाहेर. या काळात त्याची लस सुरू करा: ६ ते ८ आठवड्यांपासून पहिली, मग दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांचं होईपर्यंत, आणि ३ महिन्यांचं झालं की रेबीजची.

पहिला आठवडा ते निरोगी दिसलं, खातंय, शी घट्ट आहे, नाक-डोळे वाहत नाहीत, लूत नाही, असं असेल तर आठव्या दिवसापासून वासाचं काम सुरू करा. (सर्दी, हगवण, खोकला यांतलं काहीही असेल तर फडकंसुद्धा इकडचं तिकडे नेऊ नका.) पद्धत अशी: जुन्या लुगड्याचे दोन तुकडे घ्या. एक नव्याच्या अंगाखाली रात्रभर, एक म्हाताऱ्याच्या. सकाळी अदलाबदल. तुकडा म्हाताऱ्याच्या तोंडापुढे धरायचा नाही. तो जिथून जातो त्या वाटेत, त्याच्या गोणपाटापासून चार हातांवर टाकायचा आणि आपण आपल्या कामाला लागायचं.

खंड्याने पहिल्या दिवशी तो तुकडा हुंगला, त्यावर लघवी केली आणि निघून गेला. आईला वाईट वाटलं. मला बरं वाटलं. त्याने दखल घेतली होती आणि रागावला नव्हता. चौथ्या दिवशी त्याने नुसतं नाक लावलं.

> तपासा : तुकड्याकडे बघून पाठीवरचे केस उभे राहणं, तो फाडणं, त्या वाटेने जायचं टाळणं यांतलं काही तीन दिवस सलग दिसलं तर पुढे जाऊ नका. तुकडा आणखी लांब टाका. तो हुंगून निवांत पुढे गेला की बाजूला भाकरीचा तुकडा टाका.

टप्पा ६ : पहिली भेट घराबाहेर

इथेच बहुतेक जण घसरतात. पिल्लाला कडेवर घेऊन "बघ, तुझा भाऊ आला" म्हणत म्हाताऱ्याच्या तोंडाशी नेतात. म्हाताऱ्याला ते वरून येणारं अनोळखी तोंड दिसतं, पिल्लाला पळायला जागा नसते, आणि तुमचे दोन्ही हात अडकलेले असतात.

जागा दोघांपैकी कोणाचीच नको. काढणी झालेलं रान, रविवारी सकाळी शाळेचं मैदान. भटकी कुत्री नसावीत. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला सार्वजनिक मैदानात खाली ठेवू नका. त्याच्यासाठी ओळखीच्यांचं स्वच्छ अंगण बघा, जिथे अलीकडे कुत्रं आजारी पडलेलं नाही.

सकाळी सात-आठच्या आत. दोन माणसं, दोन कुत्री, दोन पट्टे. लेकरं घरी.

क्रम असा:

1. तीस-चाळीस पावलांचं अंतर ठेवून एकाच दिशेने चालायला लागा. समोरासमोर नाही, शेजारी-शेजारी. कुत्र्यांच्या चालीरीतीत समोरून सरळ चालत येणं उर्मटपणाचं असतं.
2. वेग म्हाताऱ्याचा. तो थांबला की सगळे थांबतील.
3. दोरी सैल. ताणलेली दोरी कुत्र्याला सांगते की काहीतरी गडबड आहे. आपली मूठ आवळली की त्यालाही ते कळतं.
4. दोघंही जमीन हुंगायला लागली की अंतर थोडं कमी करा. अंग ताठ झालं की पुन्हा लांब.
5. पहिल्या दिवशी एवढंच. पंधरा मिनिटं पुरेत. म्हाताऱ्याला दमवू नका.
6. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला नव्याच्या मागून येऊ द्या आणि त्याचं बूड हुंगू द्या. मनात तीनपर्यंत मोजा आणि हाक मारून चालायला लागा. ओढायचं नाही.

चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यासाठी हेच बसून करा. तो गोणपाटावर पडलेला, नवं कुत्रं लांबून गोल फिरवायचं. ऐकू कमी येत असेल किंवा एका डोळ्याने दिसत नसेल तर नव्याला नेहमी त्याच्या चांगल्या बाजूने आणा.

काय बघायचं? शेपूट हलतेय म्हणून खूश होऊ नका. ताठ, वर उभारलेली शेपूट टोकाशी थरथरत असेल तर ती धमकी असते. तोंड मिटून रोखून बघणं, डोळ्याचं पांढरं दिसणं, भूक नसताना पुन्हापुन्हा ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, मान दुसरीकडे वळवणं ही सगळी "मला नको आहे" ची भाषा. अंग सैल, पाठ वळणदार, तोंड अर्धवट उघडं असेल तर ठीक. पुढचे पाय टेकून बूड वर केलं तर खेळायचं आमंत्रण, पण म्हाताऱ्याकडून त्याची अपेक्षा धरू नका. त्याने नव्याकडे पाठ करून गवत हुंगणं हीच त्याची संमती समजा.

आमच्याकडे चौथ्या दिवशी खंड्याने भुरीला मागून हुंगलं, जोरात शिंकला आणि आखडलेला पाय बाजूला टाकून तिथेच बसला. भुरी त्याच्या सावलीत बसली. त्या दिवशी आम्ही बसूनच घरी आलो, म्हणजे रिक्षात. तो चालायला तयारच नव्हता.

टप्पा ७ : घरात शिरताना

दार अरुंद असतं आणि भांडणं अरुंद जागीच होतात. म्हणून दोघांना एकदम आत नेऊ नका. एकाने म्हाताऱ्याला बाहेर फिरवत ठेवायचं. दुसऱ्याने नव्याला आत आणून घर हुंगू द्यायचं, मग आडोशामागे बसवायचं. त्याआधी म्हाताऱ्याची वाडगी, हाडं, आवडता चिंधीचा चेंडू सगळं उचलून ठेवा. मग म्हातारा त्याच्या रोजच्या वाटेने आत येईल, पाणी पिईल आणि त्याच्या गोणपाटावर पडेल. नव्याचं तोंड त्याला फळीवरून दिसलं तरी पुरे.

टप्पा ८ : पहिले तीन आठवडे

दिवसातून तीन-चार वेळा, पाच-दहा मिनिटं, तुमच्या डोळ्यांदेखत, नव्याच्या गळ्यात सैल दोरी ठेवून एकत्र. बाकी वेळ फळी लावलेली. रात्री आणि घर रिकामं असताना फळी हमखास. दोन दिवस बरे गेले की लोक फळी काढतात आणि तिसऱ्या दिवशी फोन करतात.

जेवण वेगळ्या जागी, एकमेकांना न दिसता, आधी म्हाताऱ्याला. वाडगी रिकामी झाल्यावर उचला. पिल्लाचं खाणं म्हाताऱ्याने फस्त केलं तर एवढं चरबीचं त्याला झेपत नाही, हगवण लागते. उरलेल्या भाजीत भाकरी चुरून दोघांना घालण्याची आपली पद्धत असेल तर कांदा-लसूण पडलेलं काहीही नको.

पिल्लू म्हाताऱ्याच्या अंगावर चढलं, कान ओढले, झोपेत उठवलं, तर तिसऱ्या खोडीची वाट बघू नका. पहिल्याच वेळी हाक मारून बाजूला घ्या आणि चघळायला काहीतरी द्या. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपायला हवं. सतत धिंगाणा घालणारं पिल्लू बहुतेक वेळा झोप न झालेलं असतं, त्याला फळीमागे निजवा.

> गुरगुरण्याबद्दल : म्हातारा गुरगुरला म्हणून त्याला ओरडू नका, मारू तर नकाच. गुरगुर म्हणजे "लांब हो" एवढंच. पिल्लू लांब झालं तर विषय संपला. मार खाऊन ज्याची गुरगुर बंद होते ते कुत्रं पुढच्या वेळी इशारा न देता चावतं.

म्हाताऱ्याला रोज वीस मिनिटं एकट्यासाठी द्या. नव्याशिवायचा फेरफटका, अंग चोळणं, काहीही. पाहुणे आले की सगळे पिल्लाला उचलतात. त्यांना सांगा, आधी म्हाताऱ्याला हात लावा.

भांडण झालंच तर

मध्ये हात घालू नका, पट्टा धरायला वाकू नका. परात वाजवा, बादलीभर पाणी फेका, घोंगडी अंगावर टाका, किंवा फळी मधोमध सरकवा. म्हणूनच पहिले तीन आठवडे घोंगडी हाताशी हवी. सुटले की दोघांना वेगळं करा आणि त्या दिवशी पुन्हा भेट नाही. दुसऱ्या दिवसापासून मागच्या टप्प्यावर या, टप्पा ६ वर.

तुम्हाला दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. कुत्रं घरचं आहे, लसवलेलं आहे म्हणून टाळू नका. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. जखमेवर चुना, मिरची, हळद काहीही भरू नका.

कधी मागे यायचं, कधी सोडून द्यायचं

म्हाताऱ्याने दिवसभर अन्न सोडलं, बाजेखालून बाहेर येईना, घरात लघवी करायला लागला, तर आधी दवाखाना. ते दुखणंही असू शकतं, मत्सरच असेल असं नाही. तब्येत ठीक निघाली तर एक टप्पा मागे. साधारण तीन महिने द्या. तीन महिन्यांनीही रक्त निघण्याइतकी भांडणं होत असतील तर नव्यासाठी दुसरं चांगलं घर शोधा, यात कमीपणा नाही.

मात्र याच्या उलट करू नका. "याला पिल्लाशी जमत नाही" म्हणून १२ वर्षं दारात निजलेल्या कुत्र्याला आखाड्यावर नेऊन बांधल्याचं मी तीन घरांत पाहिलंय. ऐकू न येणारं, गुडघे गेलेलं कुत्रं अनोळखी रानात रात्रीची राखण काय करणार?

टप्पा ९ : फळी काढणं

सलग दोन आठवडे गुरगुर झाली तरी पिल्लू ऐकून बाजूला झालं, दोघं एकाच खोलीत निवांत झोपली, म्हाताऱ्याचं खाणं-पिणं पूर्वीसारखं राहिलं, तर दिवसा फळी काढा. घर रिकामं ठेवून बाहेर जाताना ती आणखी महिनाभर लावा.

आमच्याकडे पूर्ण काढायला अकरा आठवडे लागले. आता भुरी बाजेखाली झोपते आणि खंड्या तिच्या गोणपाटाचा अर्धा भाग बळकावून. फळी दारामागे उभी आहे. बुधवारी हाडं येतात, तेव्हा ती अजून लागते.